झोळीतील भाकरी

आचाराचा विचार करताना आपण बहुधा विधी आणि निषेध यांपाशीच थांबतो. आपले वर्तन कोणी पाहत आहे आणि पाहता पाहता शिकत आहे, हे ध्यानी राहत नाही.

म्हाइंभटांनी इ.स. 1278 च्या सुमारास, श्रीनागदेवाचार्यांच्या साहाय्याने, लीळा संकलित केल्या. त्यांत निरूपण आहेच. पण स्वामी कोठे बसले, कोणाशी कसे बोलले, आरोगणा कशी झाली, हेही आहे. पाहणाऱ्यांच्या मनात ते सहजच राहिले होते. ईश्वरावताराची चर्या आणि जीवाचे वर्तन यांची तुलना करणे हा दोषच होय. तथापि पाहणारे डोळे जीवांचेच होते, आणि ते आजही तसेच आहेत.

काही वर्षांपूर्वी एक तरुण साधक माझ्यासमवेत भिक्षेस येत असे. एका दारी वृद्ध बाईंनी झोळीत ज्वारीची वाळकी भाकरी घातली. मी काही बोललो नाही. क्षणभर मुखावर नाराजी उमटली असावी. त्याच सकाळी रसत्यागावर मी तासभर निरूपण केले होते! पुढे काही महिन्यांनी तो एकटा भिक्षेस निघाला असता मी मागून पाहिले. ते दार त्याने टाळले. बाई भाकरी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तेथे थांबायचे नसते, असे मला वाटले."

आता हा दोष कोणाचा? मी तसे सांगितले नव्हते, माझा हेतूही नव्हता, असा युक्तिवाद करता येतो, आणि मी तो मनाशी केलाही. परंतु हेतू नव्हता म्हणजे लक्ष नव्हते, एवढेच त्यातून सिद्ध होते. बाईंचा दाता म्हणून असलेला मान मात्र गेला, तो माझ्याच निमित्ताने. मग मुख सावरून वागावे काय? तो उपाय मला अधिक घातक वाटतो. सावरलेले मुख पाहून साधक सावरणेच शिकेल, आणि दंभाला शिष्यपरंपरा लाभेल. आवडनिवड आत आहे तोवर ती कोठून तरी डोकावणारच. निवृत्ती तेथेच व्हावयास हवी, आणि ती एका दिवसात होत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या दारी गेलो. माझी चूक मी त्याला वाटेतच सांगितली होती. बाईंनी भाकरी घातली. साधक माझ्या मुखाकडे पाहत होता.