वारं आलं तेव्हा कोण बोललं?

मार्गशीर्षात पेठ-सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यात कोकणा समाजाचा डोंगऱ्यादेव बसतो. नागली-वरईची कापणी उरकलेली असते. व्रतस्थ मंडळी रात्ररात्र नाचतात आणि एखाद्याच्या अंगात वारं येतं. वाऱ्यात निघालेल्या शब्दांचा जाब त्या माणसाला विचारायचा नसतो. बोलला तो देव, अशी श्रद्धा असते.

1983 साली बेंजामिन लिबेट यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्याने आपल्या सगळ्यांनाच या वाऱ्यात आणून उभं केलं. वाटेल तेव्हा मनगट हलवा, एवढंच लोकांना सांगितलं होतं. मेंदूतली हालचाल कृतीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू होई आणि ‘आता हलवावं’ ही जाणीव त्यानंतर, कृतीच्या जेमतेम पाव सेकंद आधी. त्यावरून अनेकांनी ठरवून टाकलं की निर्णय मेंदू घेतो आणि ‘मी’ला तो मागाहून कळतो. 2012 मध्ये ॲरन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा अर्थ मांडला : मेंदूत आपोआप होणारे चढउतार एका पातळीला पोचले की हात हलतो, आधीचा चढ म्हणजे झालेला निर्णय असेलच असं नाही. मला हे पटतं. पण लिबेट बरोबर असते तरी काय? मनगट कधी हलवलं, याचा जाब आपण कोणाला विचारतो?

जाब विचारावा लागतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पोर तापाने जातं, भगत दाणे पाहतो, एखाद्या बाईचं नाव ‘भुताळी’ म्हणून निघतं आणि तिला मारहाण होते. भगताचं वारं खरंच त्याच्या ताब्यात नव्हतं, असं घटकाभर धरू. पण नाव निघाल्यापासून काठी उगारेपर्यंत अर्धा सेकंद नसतो, अख्खी रात्र असते. माणसं जमतात, बोलतात, त्या घरापर्यंत चालत जातात. एखादी म्हातारी ‘नका रे’ म्हणते, ते ऐकू येतं. माझ्या मते जबाबदारीची जागा ही आहे. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 मध्ये, झालेला जादूटोणाविरोधी कायदा याच जागी बोट ठेवतो. करणी करते म्हणून कोणाला छळणं हा त्यात गुन्हा आहे आणि शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. दारूच्या बाबतीतही कायदा असाच मागे जाऊन पाहतो. नकळत पाजली गेली तर सूट मिळू शकते. आपणहून प्यायलेल्याला ती सबब सहसा चालत नाही.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिताना ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असं एक प्रकरणच केलं. कर्माची साखळी मान्य करूनही माणसाला स्वातंत्र्य कुठून मिळतं, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं उत्तर आत्म्यावर उभं आहे आणि तिथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. पण सुटकेचं सामर्थ्य अभ्यासाने, थोडं थोडं करत वाढतं, हा त्यांचा आग्रह मला मेंदूविज्ञानाच्याही जवळचा वाटतो. थांबता येणं हेही मेंदूचंच काम आहे, आणि ते घडवता येतं.

उलट, गुन्हा थेट मेंदूत वाचू पाहणारेही आपल्याकडे झाले. 2008 मध्ये पुण्याच्या न्यायालयात एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत लहरींची चाचणी दोषसिद्धीच्या आधारांपैकी एक ठरली. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या सक्तीने करायला मनाई केली. ‘मेंदूने केलं, मी नाही’ म्हणणारा आणि ‘तुझा मेंदूच सांगतो, तू केलंस’ म्हणणारा, दोघेही जबाबदारी कवटीच्या आत शोधतात.

मग काठी उगारण्याआधी थांबण्याची ताकद गावात कशाने येते? पावसाळ्यात ओढे भरलेले असताना तापलेल्या पोराला दवाखान्यापर्यंत नेता येत असेल, तिथे डॉक्टर भेटत असेल, ताप का आला हे कोणी आईला नीट सांगत असेल, तर भगताने काढलेल्या नावावर शंका घ्यायला जागा मिळते. हे काहीच नसेल तर शंका घेणं फार महाग पडतं. मारणाऱ्याचा गुन्हा त्याने कमी होत नाही. त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण आरोपपत्रात तेवढीच नावं येतात. रस्ता, औषध आणि शिक्षण पोचवणं ज्यांच्या हातात होतं, त्यांच्यापाशी तर रात्रच नव्हे, वर्षंच्या वर्षं होती, आणि तेही विचार करून, कागदावर सह्या करून निर्णय घेत होते.