जॉब कार्डवरची सही

संध्याकाळी सर्व्हिसिंगचं बिल हातात पडतं तेव्हा सिरोंच्याचा माणूस वाद घालण्याच्या स्थितीत नसतो. सिरोंचा ते गडचिरोली हेच अंतर २०० किलोमीटरच्या आसपास. चारचाकी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपसाठी बहुतेकांना चंद्रपूर नाहीतर नागपूर गाठावं लागतं. परतीला आलापल्लीपुढचा जंगलातला रस्ता, सोबत बायकामुलं, आणि किल्ली काउंटरच्या पलीकडे. बिलात इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग अशा ओळी असतात. यातलं काहीच त्यानं सांगितलेलं नसतं. “सगळेच करून घेतात, साहेब,” असं उत्तर मिळतं आणि तो पैसे भरतो. पुण्याचा ग्राहक उद्या पुन्हा येऊन भांडेल, भामरागडचा येणार नाही, हे काउंटरला ठाऊक असतं. अशा बिलात त्याच्या गावाचं अंतरही वसूल होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र प्रत्येक जादा ओळ म्हणजे लूट नव्हे. घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाची धूळ असते, सूरजागडच्या बाजूला लोहखनिजाच्या ट्रकांनी उडवलेली लाल धूळ. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत बहुधा दोन वेळापत्रकं असतात: एक साध्या वापराचं, दुसरं धूळ, उष्णता आणि खडतर रस्त्यांचं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना दुसरं लागू पडतं. तेव्हा एअर फिल्टर लवकर बदला म्हणणारा मेकॅनिक खरं बोलत असू शकतो. पण फिल्टरची गरज पुस्तिकेत दाखवता येते, काढलेला जुना फिल्टर ग्राहकासमोर ठेवता येतो. इंजिन फ्लशची ओळ पुस्तिकेत सापडत नसेल, तर ते का केलं हे सांगण्याची जबाबदारी वर्कशॉपची आहे.

तरीही माणूस गप्प बसतो, कारण “बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल” हे वाक्य त्याच्या मनात बसलेलं असतं. ही भीती एकट्यादुकट्याची नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणं स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणं, बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी नाकारणं, यावर आयोगानं बोट ठेवलं होतं. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला. पण मूळ तक्रार एका सामान्य ग्राहकाची होती, हे आलापल्लीच्या गाडीमालकानंही लक्षात ठेवावं.

गाडी अडवून ठेवण्याचा हक्क वर्कशॉपला आहे का? आहे, पण मर्यादित. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० मजुरीसाठी वस्तू रोखून धरू देतं, ते ज्या हेतूनं ती सोपवली त्याला धरून केलेल्या कामापुरतं. तो हेतू लिहिलेला असतो जॉब कार्डवर. म्हणून सगळा वाद सकाळच्या त्या कागदाशी येऊन थांबतो, आणि आपण तो न वाचता, कधी कोराच, सही करून देतो. जास्तीचं काम निघालं तर आधी फोन करा, एवढं त्यावर हातानं लिहिलं तरी पुढचं भांडण निम्मं होतं. शेवटी पैसे भरावेच लागले, तर बिलाच्या प्रतीवर “हरकत नोंदवून भरले” असं लिहून पोच घ्यावी.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. ग्राहकांचा कायदा त्यानंतर १२ वर्षांनी, १९८६ मध्ये आला. त्या कायद्यात तक्रार साधारणपणे समोरच्याच्या ठिकाणी किंवा व्यवहार घडला तिथे करावी लागे. २०१९ च्या कायद्यानं, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, हे बदललं. आता नागपूरच्या वर्कशॉपविरुद्ध अहेरीचा रहिवासी गडचिरोलीच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन तक्रार दाखल होते, व्हिडिओवरून सुनावणीसाठी अर्ज करता येतो, आणि त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर बोलता येतं. जंगलपट्टीसाठी माझ्या मते या कायद्यातली सर्वांत मोलाची तरतूद तक्रारीच्या ठिकाणाची आहे.

एक उणीव राहते. जॉब कार्ड बहुतेक इंग्रजीत छापलेलं असतं. ज्याची बोली माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, आणि शाळा मराठीत झाली, त्यानं कशाला होकार दिला असं म्हणायचं? चंद्रपूर-गडचिरोलीच्या ग्राहक संघटनांनी दोन्ही जिल्हा प्रशासनांकडे एकच मागणी लावून धरावी: जॉब कार्ड मराठीत असावं, प्रत्येक कामापुढे अंदाजे रक्कम असावी, आणि “हे काम नको” असं लिहून सही करायला वेगळी जागा असावी.