कुत्रा, कोंबडी आणि धनी

घराच्या राखणीसाठीं पाळलेल्या कुत्र्यानें परसांतील कोंबडी मारिली, म्हणजे कुंपणानेंच शेत खाल्लें असें आपण म्हणतों. प्रसंग दिसावयास क्षुल्लक; पण त्यांतून निघणारा प्रश्न क्षुल्लक नाहीं. एकाच धन्याच्या आश्रयास असलेल्या दोन जीवांपैकीं बलवानानें दुर्बलाचा प्राण घेतला, तर दोष कोणाचा? आणि तसें पुन्हां घडूं नये म्हणून जें मोल द्यावें लागतें, तें कोणीं द्यावयाचें?

दोष कुत्र्याचा, हें पहिलें उत्तर. मनुष्यजातीनें तें एके काळीं मोठ्या गांभीर्यानें दिलेलें आहे. फ्रान्समधील फालेझ येथें १३८६ सालीं एका डुकरिणीस, तिनें बालकाचा जीव घेतला म्हणून, फांशीं देण्यांत आलें. आज आपण त्या न्यायाधीशांस हसतों. परंतु कोंबडी मेल्यावर तासाभरानें कुत्र्यास काठीनें झोडपणारा, किंवा मेलेली कोंबडीच त्याच्या गळ्यांत बांधून ठेवणारा गृहस्थ याहून निराळें काय करितो? आपण केलें तें वर्ज्य होतें, हें ज्यास कळूं शकतें तोच अपराधी ठरूं शकतो. मागाहून बसलेल्या तडाख्याचा संबंध मागच्या कृत्याशीं जोडणें कुत्र्यास साधत नाहीं. धनी जवळ आला कीं मार बसतो, एवढेंच तो त्यांतून शिकतो. खुराड्यांतील दहा कोंबड्या मारून एकही न खाणें, हें तर आपणांस निव्वळ क्रौर्य वाटतें. पण रानांत एक भक्ष्य हातीं लागेपर्यंत बाकीचीं पळून गेलेलीं असतात. खुराड्यांत पळावयास वाटच नसते, आणि प्रत्येक फडफडाट शिकारीची ऊर्मी नव्यानें जागी करितो. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञानें १९७२ सालीं हिंस्र पशूंच्या अशा गरजेबाहेरच्या हत्येचें विवेचन प्रसिद्ध केलें आहे. भक्ष्याचें नेहमींचें संरक्षण जेथें निष्फळ होतें तेथें ती घडते, असें त्यावरून दिसतें. आतां खुराडें बांधिलें कोणीं? कुत्र्यानें खास नाहीं.

दुसरें उत्तर अधिक सुशिक्षित, आणि म्हणूनच अधिक फसवें आहे. दोष कोणाचाच नाहीं. जातीचा स्वभाव आहे, त्यास धन्यानें तरी काय करावें? डार्विननें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत, उपजत बुद्धीवरील प्रकरणांत, नेमका हाच विषय घेतला आहे. माणसाळलेल्या कुत्र्यांच्या लहान पिलांसही कोंबड्यांवर तुटून पडूं नये हें क्वचितच शिकवावें लागतें. परंतु जेथील लोक असे प्राणी पाळीत नाहींत त्या देशांतून आणलेल्या पिलांची ही खोड कांहीं केल्या जात नाहीं, असें त्यानें नमूद केलें आहे. याच डार्विननें १८३३ सालीं, आजच्या उरुग्वे देशांत, मेंढरें राखणारे कुत्रे पाहिले होते. तेथें पिलूं अगदीं लहान असतांनाच आईपासून तोडून त्यास मेंढीचें दूध पाजीत, आणि मेंढवाड्यांत लोकरीचें अंथरूण करून देत; मोठेपणीं तो त्या कळपासच आपलें कुटुंब समजे. ऑस्ट्रेलियांत वॉर्नाम्बूलजवळच्या मिडल बेटावर कोल्ह्यांनीं लहान पेंग्विन पक्ष्यांचा असा संहार केला कीं, २००५ सालीं दहासुद्धां उरले नव्हते. २००६ पासून तेथें मारेम्मा जातीचे कुत्रे राखणीस ठेवले, आणि पक्षी पुन्हां वाढूं लागले. ही युक्ति सुचविणाऱ्या शेतकऱ्याच्या कोंबड्या याच जातीचा कुत्रा राखीत असे. म्हणजे स्वभाव खरा. पण त्याचा बराचसा भाग मनुष्यानें निवडून, वळवून, किंवा हेळसांड करून घडविलेला आहे. ससाण्याच्या तोंडीं शोभणारें समर्थन कुत्र्याच्या धन्यानें उसनें घेऊं नये.

ससाण्याच्या नांवानें शिबिराजाची कथा आठवते. महाभारतांतील ही कथा आपण दयेचा दृष्टान्त म्हणून मुलांस सांगतों. पण ती त्याहून कठीण आहे. शरण आलेलें कबूतर राखणें हें राजाचें कर्तव्य. तथापि हें माझें अन्न आहे, तें हिरावून घेणें मजवर अन्याय आहे, हें ससाण्याचें म्हणणेंही खोटें नाहीं. शिबि ससाण्यास अपराधी ठरवीत नाहीं, कीं निसर्गाकडे बोट दाखवून कबूतर सोडून देत नाहीं. तो तराजूच्या पारड्यांत स्वतःचें मांस घालतो. दोन आश्रितांमध्यें जो उभा राहतो, त्यानें मधलें अंतर आपल्या पदरचें खर्चून भरून काढावयाचें, हा त्या कथेचा अर्थ मला वाटतो.

आपल्या परसांत मांस कापून द्यावें लागत नाहीं. थोडा पैसा आणि पुष्कळशी चिकाटी पुरते. कोंबड्यांची म्हणून मिळणारी बारीक षट्कोनी जाळी कोंबड्यांस आंत ठेवते, दांडग्या कुत्र्यास बाहेर ठेवीत नाहीं. त्यास सांधे डाकलेली जाड तारेची जाळी लागते. कुत्रा उकरून आंत शिरतो, म्हणून ती हातभर बाहेरच्या बाजूस जमिनींत पुरावी लागते. ओळख करून द्यावयाची ती कुत्रा दोरीनें धरून, कोंबड्या जाळीआड ठेवून, आठवड्यामागून आठवडे. आणि तो कितीही शहाणा झाला तरी दोघांस एकटें सोडावयाचें नाहीं. कुत्र्यास जन्मभर सांखळीस बांधणें किंवा कोंबड्यांस दिवसभर डालग्याखालीं कोंडणें हे मार्ग स्वस्त खरे; पण त्यांत खर्च आश्रितांच्या खात्यावर पडतो.

येथें कोणी विचारील कीं, ज्या कोंबडीस कुत्र्याच्या दांतांतून सोडविलें, तिच्याच मानेवर पुढें धन्याची सुरी फिरावयाची असेल, तर या धर्मविचारास काय अर्थ? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो निराळ्या प्रश्नाचा आहे. मांसाहार धर्म्य कीं अधर्म्य, हा वाद ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं अवश्य करावा. परंतु उद्यां घ्यावयाच्या प्राणामुळें आज द्यावयाची निर्भयता माफ होत नाहीं. उलट जिच्याकडून अंडीं आणि प्रसंगीं प्राणही घ्यावयाचा, तिचें देणें अधिकच वाढतें.

आश्रय देणारा बहुधा आपल्या उदारपणाचा हिशेब ठेवतो: इतके जीव मी पोशिले. त्यांस एकमेकांपासून राखण्याचा खर्च मात्र त्या वहींत क्वचितच मांडलेला आढळतो. लहानमोठे, सबळदुबळे एकाच छपराखालीं नांदवूं पाहणाऱ्या कोणत्याही कर्त्या माणसानें तो मांडावयास हवा. आणि परसांतला धनी तर दररोज दिवेलागणीस, खुराड्याची कडी स्वतःच्या हातानें चांचपून, तो चुकता करूं शकतो.