पथ्य एकाचं, कष्ट दुसऱ्याचे

फराळाचं ताट समोर आलं की कोलेस्टेरॉलचा विषय निघतो, हे आता दरवर्षीचंच. चकली मोडता मोडता कुणीतरी सांगतं, ‘एलडीएल १६० आलंय, पण गोळी नाही घेणार. एकदा लागली की सुटत नाही.’ लगेच दुसरा लसूण, आलं, लिंबू आणि अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आटवून त्यात मध घालायची कृती सांगतो. गोळी म्हणजे हार आणि पथ्य म्हणजे पुरुषार्थ, असा या गप्पांचा सूर. पथ्य पाळणाऱ्याचं कौतुक होतं. ते रोज शिजवणारी तेव्हा बहुधा आत चहा टाकत असते.

पथ्याने काही होत नाही, असं मुळीच नाही. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला महिनाभर ओट्स, बार्ली, सोया, बदाम, वनस्पती-स्टेरॉल घातलेलं मार्गरिन आणि चक्क भेंडी-वांगी असा आहार दिला. दुसऱ्याला कमी चरबीचं जेवण आणि जोडीला लोव्हास्टॅटिनची गोळी. पहिल्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सुमारे २९ टक्के उतरलं, दुसऱ्यांचं ३१. बरोबरीच म्हणायची! मात्र त्या महिन्यातलं बहुतेक जेवण संशोधकांनी पुरवलं होतं. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच आहाराचा नुसता सल्ला देऊन सहा महिने वाट पाहिली, तेव्हा घट १३-१४ टक्क्यांवर आली. उरलेले टक्के कुठे गळाले, ते ओट्यापाशी उभं राहिलं की कळतं. बार्ली आदल्या रात्री भिजत घालायची, सोयाबीनचा उग्र वास मारायचा, भेंडी बेताच्या तेलात चिकट न होऊ देता परतायची. मुलं ती खात नाहीत म्हणून दुसऱ्या कढईत बटाटा, सासूबाईंसाठी वेगळा मऊ भात. हे रोज, वर्षानुवर्षं. डॉक्टर ‘जीवनशैली बदला’ म्हणतात ते खुर्चीत बसलेल्या पुरुषाला. बदलते ती बरेचदा बाहेर बाकावर थांबलेल्या बाईची.

गोळीला ही मदत लागत नाही. ती पाण्याबरोबर ज्याची त्याने घ्यायची. ‘केमिकल’ म्हणून तिला नाक मुरडणाऱ्यांनी तिचं कूळही पाहावं. जपानचे संशोधक अकिरा एन्डो औषधाच्या शोधात हजारो बुरश्या तपासत होते आणि १९७३ मध्ये तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन, म्हणजे या गोळ्यांतलं औषध, सापडलं. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीरच ते तयार करतं. स्टॅटिन यकृतातली ही निर्मिती मंदावतं, मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त प्रमाणात ओढून घेतं. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवरच्या स्कँडिनेव्हियातल्या स्टॅटिनच्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचं १९९४ मध्ये दिसलं. दुष्परिणाम आहेत: स्नायूंचा त्रास होऊ शकतो, मधुमेहाची शक्यता थोडी वाढते. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या प्रयोगात, त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून खरी गोळी आणि औषध नसलेली गोळी दिली, तेव्हा तक्रारींचा सुमारे ९० टक्के भार बिनऔषधी गोळीवरही तसाच राहिला.

पथ्याची खरी मात्रा चालते रक्तातल्या दुसऱ्या चरबीवर, ट्रायग्लिसराइड्सवर. उपासाच्या नावाखाली ताटभर साबुदाणा, मैदा, साखर, दारू आणि पोटाचा घेर कमी झाला की हा आकडा झपाट्याने उतरतो. चालण्याने रक्तदाब आणि साखरही सुधारते. एलडीएल नुसत्या चालण्याने फारसं हलत नाही, आणि रोज सकाळी टेकडी चढणाऱ्यांना हे सांगितलेलं आवडत नाही. उलट, ‘गोळी चालू आहे ना, मग वाढ आणखी एक करंजी’ हेही ऐकू येतंच.

ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या घराण्यातच एलडीएल फार चढं आहे, त्यांनी गोळी टाळण्यात शौर्य नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी वय, रक्तदाब, साखर, तंबाखू हे सगळं मांडून डॉक्टरांशी बोलावं. आधी सहा महिने पथ्य करून पाहीन म्हणणाऱ्याने भेंडी स्वतः चिरावी. सहा महिने टिकतंय का, ते पहिल्याच आठवड्यात समजेल. आणि लिपिड प्रोफाइलला जाताना बायकोलाही न्यावं. पाळी गेल्यावर बायकांचं एलडीएल वाढतं, आणि अशा घरात तिच्यासाठी वेगळी भाजी अजून कुणी केलेली नाही.