बाकाखालची जागा

स्लीपर डब्यातल्या प्रवाशाला रेल्वे ४० किलो सामान फुकट नेऊ देते. एका कप्प्यात समोरासमोरचे सहा आणि बाजूचे दोन असे आठ जण, म्हणजे ३२० किलो झाले. आणि ते ठेवायला जागा? खालच्या तीन बर्थच्या पोटात मावेल तेवढी. नियम वजन मोजतो. जागेचा हिशेब प्रवाशांनी आपापसात करायचा असतो आणि तो बहुधा गाडी सुटल्यावर, गुडघ्याने बॅगा आत ढकलत केला जातो. ट्रंकेची मापंही नियमात दिलेली आहेत, १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर. त्याहून मोठी पेटी ब्रेकव्हॅनमध्ये टाकायची. घरून निघताना बॅगेला टेप लावून पाहणारा यात्रेकरू मात्र दुर्मीळच.

पुण्याहून काशीला निघणारी बारा-चौदा जणांची मंडळी घ्या. सोसायटीतली, भिशीतली किंवा भजनी मंडळातली. मनमाड, भुसावळ, इटारसी, जबलपूर करत एक अख्खी रात्र आणि दुसरा जवळजवळ पूर्ण दिवस गाडीत जातो. तेवढ्यासाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, मेतकूट, बेसनाचे लाडू, चिवडा. दशमीचं पीठ दुधात भिजवतात, म्हणून ती प्रवासात मऊ राहते आणि साध्या पोळीपेक्षा जास्त टिकते. हे पिढ्यांचं शहाणपण आहे आणि त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण चटणी चौघींच्या डब्यांत असते, लाडू पाच घरचे असतात आणि चिवड्याचं तर विचारूच नये. 'मी चटणी आणते, तू पुऱ्या आण' असं ठरूनही असं होतं. एकीला दुसरीच्या डब्याचा भरवसा नसतो असं नाही. 'ही रिकाम्या हाताने आली' हे ऐकायची कुणाचीच तयारी नसते. मान इथे किलोवर मोजला जातो.

पुरुषांचं सामान त्या मानाने सुटसुटीत. एक बॅग, तीही बायकोने भरलेली. स्वतःचा पंचा कोणत्या कप्प्यात आहे हे विचारायला रात्री तिलाच उठवलं जातं. रक्तदाबाच्या गोळ्याही तिच्याच पर्समध्ये. ही व्यवस्था प्रेमाची आहे असं दोघंही सांगतील, आणि ते खोटंही नसेल. तरी स्वयंपाकघर खांद्यावर घेऊन यात्रेला कोण निघतं आणि नुसतं यात्रेला कोण निघतं, हे फलाटावर लांबूनही ओळखू येतं.

एकटा माणूस बॅग भरताना आपल्या खांद्याला विचारतो. मंडळींत खांदे पुष्कळ, म्हणून विचारत कुणीच नाही. 'असू दे, आपण इतके जण आहोत' एवढं वाक्य पुरतं आणि सतरंजी, जादाची बादली, पत्रावळ्यांचा गठ्ठा आत जातो. हे 'इतके जण' नेमकं कुठे ठेवणार, याचं उत्तर त्या कप्प्यातल्या आठव्या प्रवाशाला द्यावं लागतं. सात बर्थ मंडळींचे आणि आठवा परीक्षेला निघालेल्या एखाद्या मुलाचा. त्याच्या बर्थखाली आधीच दोन बोचकी साखळीने बांधलेली असतात. तो आपली सॅक उशाशी घेतो. मग त्याला आग्रहाने लाडू दिला जातो आणि पाठोपाठ विचारलं जातं, 'आजींचे गुडघे दुखतात रे, तू वर जातोस का?' गुडघे खरंच दुखत असतात. लाडूही मनापासून दिलेला असतो. पण सात जणांसमोर एकट्याने दिलेल्या होकाराला होकार म्हणावं का, याचा विचार सातांपैकी एकाने तरी करायला हवा.

त्या मुलाचा एक उपयोग मात्र मंडळींच्या लक्षात येत नाही. तो परका असतो. परक्याच्या नजरेसमोर माणूस थोडा तरी संकोचतो. डब्यात सगळे आपलेच असले की हा संकोच उरत नाही.

२६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराईच्या यार्डात उभ्या असलेल्या एका डब्याला आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. डबा लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा होता, पूर्ण आरक्षित केलेला. १७ ऑगस्टला ते निघाले होते. एका गाडीतून सुटून दुसऱ्या गाडीला जोडला जात तो डबा दक्षिणेत फिरत होता. आत चोरून आणलेला गॅस सिलिंडर होता आणि आग त्यामुळेच लागली, असं रेल्वेने सांगितलं. गाडीत स्फोटक किंवा ज्वालाग्राही वस्तू नेणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्यांना बेपर्वा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण परमुलखातला इतक्या दिवसांचा प्रवास, सोबत वडीलधारी माणसं, आपल्या चवीचा चहा मिळावा ही इच्छा. यात वाईट हेतू शोधून सापडत नाही. सिलिंडरही 'आपण इतके जण आहोत' या त्याच वाक्यावर चढला असेल, ज्यावर आपली जादाची बादली चढते. आपल्याकडच्या याद्यांत आता शेगडीऐवजी विजेची किटली असते, एवढाच फरक. डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटवर तीही लावायची नसते, पण 'पाच मिनिटांत होतं' म्हणून लावली जाते.

बॅग भरताना बाहेरची नजर कशी असावी याचं एक छान उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेत आहे. १९०२ मध्ये कलकत्त्याहून राजकोटला तिसऱ्या वर्गाने जायचं त्यांनी ठरवलं. वाटेत काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आधी या बेताची थट्टा केली, मग हेतू समजल्यावर स्वतःच तयारीला लागले. त्यांनी लाडू आणि पुऱ्या भरलेला धातूचा डबा दिला. गांधीजींनी बारा आण्यांची कॅनव्हासची पिशवी घेतली. तिच्यात लोकरीचा लांब कोट, एक धोतर, एक पंचा, एक सदरा. शिवाय पांघरायला घोंगडी आणि पाण्याचा तांब्या. एवढंच. भाड्यासकट सगळा प्रवास ३१ रुपयांच्या आत झाला. गोखले आणि प्रफुल्लचंद्र राय त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. पहिल्या वर्गाने जात असता तर आलो नसतो, असं गोखल्यांनी त्यांना सांगितलं. डबा देणाऱ्याने तो एकच दिला, हे इथे महत्त्वाचं. गोखल्यांना चार डबे देणं जड नव्हतं.

अर्थात गांधीजी एकटे होते आणि त्यांच्या हाती वेळ होता. चौदा जणांचं एका पिशवीत भागणार नाही आणि भागवूही नये. मधुमेही माणसाचा डबा, लहान मुलांचे जादा कपडे लागणारच. प्रश्न उरलेल्या सामानाचा आहे, ज्याच्याबद्दल विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

परतीला तर डबे रिकामे झालेले असतात, म्हणजे ओझं कमी व्हायला हवं. ते वाढतं. गंगेचे सीलबंद गडू, बनारसी साड्या, पितळी समया, घरोघर वाटायचा प्रसाद. जाताना निदान यादी केलेली होती. येताना तीही नसते. न नोंदवलेलं जादा सामान पकडलं गेलं तर सहापट दर लागतो, हे कुणीतरी सांगतं आणि सगळे हसतात. पुणे स्टेशनात गाडी लागते. मुक्कामाच्या खर्चावरून दोन दिवस एकमेकांशी न बोललेली मंडळी हमालासमोर एकत्र उभी राहतात आणि वीस रुपयांसाठी चौदा जण एकदम बोलू लागतात.