सासनकाठी आणि अनोळखी माणूस

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास कोल्हापूरच्या वायव्येकडील सर्व वाटा एकाच डोंगराकडे वळतात. पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी हे त्या डोंगरावरचे गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट उंचीवर असलेले तेथील जोतिबाचे मंदिर १७३० साली राणोजी शिंदे यांनी नव्याने बांधले. यात्रेच्या दिवशी तेथे गुलालाखेरीज दुसरा रंग दिसत नाही. खोबऱ्याची उधळण होते, ‘चांगभलं’चा गजर होतो आणि माणसांच्या पुरातून सासनकाठ्या डोलत येतात. तीस-पस्तीस फूट, कधी त्याहूनही उंच असा वेळू, त्याला गुंडाळलेले रंगीत वस्त्र. एक गडी तो पेलतो आणि बाकीचे चहूबाजूंनी दोर ताणून त्याचा तोल राखतात. शिवाय वाद्यांच्या ठेक्यावर ती काठी नाचवायचीही असते.

हिशेबी माणूस विचारील, एवढ्या कष्टाचे फळ काय? मजुरी बुडते, पायांना फोड येतात, खांदा सोलवटतो. हाच प्रश्न उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांनाही पडला आहे. निसर्गाची निवड निरुपयोगी खर्च फार काळ सोसत नाही असे म्हणतात. मग यात्रा, उपवास, अनवाणी चालणे, नवस हा सारा खर्च जगभर आणि हजारो वर्षे कसा टिकला?

उत्तराचे काही धागे अलीकडच्या प्रयोगांतून हाती आले आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठातील बारा नावाड्यांवर केलेला एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. हे तरुण वल्हवण्याच्या यंत्रावर एकदा एकेकट्याने आणि एकदा संघाने मेहनत करीत. मेहनत सारखीच, परंतु संघाने वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची शक्ती लक्षणीय वाढलेली आढळली. एका तालात हालचाल केली की शरीर एन्डॉर्फिन हे वेदनाशामक द्रव्य अधिक स्रवत असावे, असा संशोधकांचा निष्कर्ष. सासनकाठीचा दोर धरणाऱ्याला हे सांगण्याची गरज नाही.

दुसरा प्रयोग मला अधिक विचार करायला लावतो. स्पेनमध्ये सान पेद्रो मान्रिके नावाचे लहानसे कॅथलिक गाव आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या सणाच्या आदल्या रात्री, म्हणजे २३ जूनला, तेथील लोक जळत्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात, पुष्कळदा जिवलगाला पाठीवर घेऊन. मानवशास्त्रज्ञ दिमित्रिस झिगालातास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालणाऱ्यांच्या व पाहणाऱ्यांच्या छातीवर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे बांधली. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की निखाऱ्यांवर चालणाऱ्याच्या हृदयाची गती जशी चढे-उतरे, तशीच बाजूला स्वस्थ बसलेल्या त्याच्या नातलगांची व स्नेह्यांची चढे-उतरे. एकजीव होणे हा शब्दप्रयोग आपण किती सहज करतो! येथे तो आलेखावर उमटला. मात्र त्याच जागी बसून तोच सोहळा पाहणाऱ्या परक्या पाहुण्यांच्या हृदयांत असा मेळ आढळला नाही.

आमच्या धर्मग्रामांतील मुले महाविद्यालयातून असले काही ऐकून येतात आणि जेवताना म्हणतात, “म्हणजे भक्ती ही मेंदूतली रसायनेच की!” आईवडील गोंधळतात, काही रागावतात. वास्तविक रागावण्याचे कारण नाही. संख्या ओळखण्याची शक्ती आपल्या पूर्वजांना फळे किंवा शत्रू मोजण्यासाठी उपयोगी पडली असेल. म्हणून सात आठे छप्पन्न संशयास्पद ठरत नाहीत. एखादी शक्ती आपल्यात कशी आली हा एक प्रश्न, ती ज्याच्याकडे वळते ते खरे आहे काय हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराने दुसरा निकालात निघत नाही. विरुद्ध बाजूने नाही आणि आपल्या बाजूनेही नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० सालीच मानवी शरीराच्या उगमाविषयी संशोधन करण्यास मोकळीक दिली होती, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ ऑक्टोबर १९९६ रोजी उत्क्रांतीचा सिद्धान्त हा आता केवळ एक तर्क राहिलेला नाही, असे मान्य केले.

तेव्हा या संशोधनाने माझ्या श्रद्धेला धक्का बसत नाही. धक्का बसतो तो माझ्या समाधानाला. सणाच्या मिस्सेत सर्वांनी एका सुरात गायिले, मिरवणुकीत पावले जुळली, मोतमावलीच्या जत्रेत मन भरून आले, की आपण मनोमन म्हणतो, आज आपण अधिक चांगले झालो. तसे झालो काय? ती ऊब खरी आहे, पण ती नावाड्यांनाही मिळते आणि कवायतीतल्या सैनिकांनाही. १९९२-९३ च्या मुंबईत रस्त्यावर उतरलेल्या जमावांनाही ती मिळाली असणार. एका सुरातल्या घोषणा तेथेही होत्या. डार्विनने १८७१ सालच्या ग्रंथात हे ओळखले होते. परस्परांसाठी झिजणाऱ्या माणसांची टोळी इतर टोळ्यांवर मात करील, असे त्याने लिहिले. म्हणजे आपल्या बंधुभावाच्या पाळण्याशेजारीच युद्ध उभे होते. आयुष्याची अखेरची वर्षे भारतात घालवणारे जे. बी. एस. हाल्डेन यांचा विनोद प्रसिद्ध आहे: दोन भाऊ किंवा आठ चुलत-मावस भावंडे वाचत असतील तर आपण जीव द्यायला तयार आहोत. रक्ताचा हिशेब तेवढ्यावर जुळतो. अनोळखी माणूस त्या हिशेबात कोठेच येत नाही.

आणि दयाळू शोमरोन्याचा दाखला तर अनोळखी माणसाचाच आहे. जखमी माणसाला ओलांडून जाणारा याजक यरुशलेमहून, पवित्र नगरीहून, खाली उतरत होता. या दाखल्यावरून जॉन डार्ली व डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मशिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांची एक विलक्षण परीक्षा घेतली. ती १९७३ साली प्रसिद्ध झाली. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचे होते. निम्म्यांचा विषय होता हाच दाखला. वाटेत एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवलेला. ज्यांना सवड होती त्यांतील ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झाला, धावा’ असे सांगितले होते, त्यांतील अवघे १० टक्के. भाषणाचा विषय शोमरोनी असल्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. प्रवचनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ही आकडेवारी टेबलावर ठेवावी, असे मला फार वाटते.

मग कष्टाच्या विधींनी माणूस उदार होतच नाही काय? होतो. मॉरिशसमध्ये, जेथे आपले मराठी बांधवही पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तमिळ भाविक थैपूसमच्या सणात अंगात सुया टोचून कावडी वाहतात. झिगालातास यांच्याच चमूने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भाविकांना प्रत्येकी २०० रुपये देऊन, त्यांतले किती गुप्तपणे मंदिराला देता, हे पाहिले. नुसती सामुदायिक प्रार्थना करणाऱ्यांनी सरासरी ८१ रुपये दिले, कावडीवाल्यांनी १३३. आणि त्यांच्या सोबत नुसते चालत गेलेल्यांनी त्याहूनही अधिक. दान अर्थात आपल्याच मंदिराला होते, परक्याला नव्हे. म्हणून शोमरोन्याचा प्रश्न त्या आकड्यांनी सुटत नाही. परंतु भार वाहणाऱ्यापेक्षा त्याच्या शेजारून चालणाऱ्याचा हात अधिक सैल होतो, ही नोंद मोलाची वाटते.

जोतिबाच्या वाटेवर असे सोबती दिसतात. गायमुख परिसरात यात्रेकरूंसाठी अन्नछत्र चालते. घाटरस्त्यावर दुचाकी दुरुस्त करणारे कारागीर आपली हत्यारे घेऊन बसतात आणि यात्रेकरूंच्या गाड्यांचे पंक्चर फुकट काढून देतात. वरून वाद्यांचा ठेका ऐकू येत असला तरी त्यांचा हात त्या तालावर चालत नाही; ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कोठून येतो हे पाहायला वेगळीच सावकाशी लागते. गाडीवाला कोणत्या गावचा, त्याचे आडनाव काय, हे त्या कामासाठी विचारावे लागत नाही. ‘चांगभलं’ या आरोळीतही ते कोणाचे व्हावे, हे सांगितलेले नाही.