दम न धरता

आधी पाठ टेका. डोळे मिटायची घाई नको, समोर जे असेल ते दिसू द्या. बीड जिल्ह्यातल्या घरात बसून हे वाचत असाल, तर नजरेच्या टप्प्यात कुठेतरी पाणी साठवलेलं असणारच. निळा ड्रम, गच्चीवरची काळी टाकी, अंगणातला हौद, निदान ओट्यावरची कळशी. त्याकडे जरा बघत राहा. किती दिवस पुरेल, हा हिशेब आपसूक सुरू होईल. होऊ द्या. हिशेब चालू असताना छातीत श्वास कुठे आहे तेवढं पाहा. बहुधा तो अर्ध्यावर अडलेला सापडेल. मोजताना माणूस श्वास धरतो, सुईत दोरा ओवताना धरतो, वाईट बातमीचा फोन उचलताना धरतो.

सोडून द्या तो. सावकाश, ओठ किंचित उघडे ठेवून.

आज बसल्या जागी समुद्राखाली जायचं आहे. समुद्र आपलाच, मालवणचा, कुरटे बेटाभोवतीचा. ज्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तेच हे बेट. पण थेट तिकडे उतरता येणार नाही. वाटेत एक विहीर लागते.

ती विहीर आठवा. तुमच्या शेतातली, नाहीतर मामाच्या गावची. उन्हाळ्याची सुट्टी, पाणी चार-पाच परस खाली गेलेलं. पाठीला सुका भोपळा बांधलेला, किंवा तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या चुलत्याच्या हातात. तो वरून ओरडतोय, "तोंड मीट! दम धर! मार उडी!" तुम्ही गाल फुगवता, नाक दाबता, आणि पायाखालचा दगड सुटतो.

पुढे भोपळा सुटला, दोर सुटला, आणि मग पैजा लागल्या. तळाला जाऊन आलास याचा पुरावा काय? मूठभर गाळ. ती बुडी पुन्हा एकदा मारून बघा. वरचं पाणी कोमट आहे. हातभर खाली गेलं की गार होतं, आणखी खाली गारठतं. कानांत दडे बसतात, मग कळ येते. उजेड हिरवा होत होत काळपट होतो. बोटं चिखलात रुततात, मूठ वळते, आणि पाय तळ ढकलून वर सुटतात. शेवटच्या हातभर अंतरात छाती फुटेल असं वाटतं. डोकं बाहेर, तोंड उघडं, मूठ वर. बोटांच्या फटींतून अर्धा गाळ निसटलेला असतो, उरलेला नखांत भरलेला. तेवढा पुरतो.

त्या वेळी छातीत काय होतं? काठावर भरून घेतलेला एकच श्वास. आपण तो खाली नेला आणि तसाच वर आणला. विहिरीत शिकलेल्या माणसासाठी पोहण्याचं मूळ तेच: श्वास साठव, पुरवून वापर.

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होडीत बसल्यावर पहिला नियम सांगतात तो याच्या अगदी उलट. पाण्याखाली श्वास कधीही रोखू नका. एक क्षणसुद्धा नाही.

हे का, ते नीट समजून घेऊ, कारण नुसत्या आज्ञेनं ही सवय सुटत नाही. जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा एक भार असतो. समुद्रात दर दहा मीटरला पाणी आणखी तेवढाच एक भार घालतं. दहा मीटरवर भार दुप्पट, म्हणून वरून नेलेला श्वास तिथे दबून निम्मा होतो आणि परत येताना पुन्हा आपल्या मूळ आकाराचा होतो. विहिरीत म्हणूनच काही बिघडलं नाही. रॉबर्ट बॉइलनं १६६२ साली मांडलेला नियम शाळेत पाठ केला होता, तोच हा. स्कूबात, म्हणजे पाठीवर हवेचं नळकांडं घेऊन मारलेल्या बुडीत, मात्र श्वास वरून नेलेला नसतो, तो खालीच घेतलेला असतो. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक-ईव कूस्तो आणि एमील गान्यां यांनी बनवलेल्या झडपेची करामत अशी, की भोवतीच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढ्याच दाबाची हवा ती तोंडात देते, आणि मागितली तरच देते. म्हणजे दहा मीटरवर छाती पूर्ण भरली तर तिच्यात जमिनीवरच्या दुप्पट हवा मावलेली असते. ती कोंडून वर निघालात, तर ती फुगून दुप्पट जागा मागेल, आणि फुप्फुसात तेवढी जागा नाही. भरली छाती कोंडून मीटर-दीड मीटर वर येणंही इजा करायला पुरतं.

ज्याला विहिरीत पोहता येतं त्याला हा धडा जास्त जड जातो, असं माझं मत आहे. शहरातल्या नवशिक्याला पाण्याची भीती असते, पण संकटात दम धरायची लहानपणापासून मुरलेली खोड नसते.

म्हणून इथे थोडं रेंगाळू. मान सैल सोडा. नाक चिमटीत धरा आणि ओठांतून श्वास घ्या, शांतपणे. आता सोडा, घेतला त्याहून जास्त वेळ लावून. पुन्हा. प्राणायामाच्या वर्गाला जात असाल तर पूरक, कुंभक, रेचक हा क्रम अंगवळणी पडलेला असेल. त्यातला मधला काढून टाकायचा आहे. पूरक आणि रेचक, मध्ये काही नाही. काही फेऱ्यांनंतर घशात एक बारीकशी अडवणूक जाणवेल, श्वास वर पोचला की झाकण लागल्यासारखी. तिच्याशी भांडू नका. नुसतं बघा, ती केव्हा येते आणि केव्हा जाते.

जमत नसेल तर मनानं बीडजवळच्या खजाना विहिरीवर चला. सोळाव्या शतकातली, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळातली. पायऱ्या उतरून आतल्या ओवरीपाशी उभे राहा. बाहेर रखरख असली तरी इथे गारवा आहे. विहीर म्हटलं की आपल्याला वाटतं साठा. या विहिरीत पाणी जमिनीखालच्या भुयारी पाटांनी येतं आणि दुसऱ्या पाटानं शेतांकडे निघून जातं. मोट नाही, पंप नाही, जमिनीचा उतार तेवढा आहे. दुष्काळातही ती आटत नाही, असं लोक सांगतात. जेवढं येतं तेवढं जाऊ द्यायचं, असं कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी इथे, या कोरड्या मुलखात, दगडात बांधून ठेवलं. त्या पाण्याकडे बघत पुन्हा एकदा श्वास घ्या आणि सोडा.

आता समुद्र.

होडी किल्ल्याच्या तटाजवळ थांबली आहे. तटाच्या आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चहूबाजूंनी खारं पाणी असताना. बीडच्या माणसाला समुद्रापेक्षा याचंच नवल जास्त वाटतं, आणि वाटायलाच हवं.

पाण्यात उतरा. दर हातभर खोलीला नाक दाबून हलकी फुंकर, कळ यायच्या आधीच. विहिरीत ती कळ दात खाऊन सोसली होती, इथे सोसायची नाही. कान मोकळा झाला नाही तर थोडं वर यायचं, पुन्हा करून बघायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही. दमा असेल, छातीचं दुखणं असेल तर बुडीआधी भरायच्या फॉर्मवर खरं लिहायचं.

खाली आलात. गुडघे वाळूला टेकवा आणि ऐका. स्वतःचा श्वास किती मोठ्यानं ऐकू येतो! आत घेताना सूंऽऽ, सोडताना बुडबुड्यांचा खळखळाट. दुसरा आवाज आला तरी कुठून आला ते कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो. मनगटाकडे बघा. अंबाजोगाईला योगेश्वरीच्या देवळात बांधलेला लाल दोरा आता तपकिरी दिसतोय. खोल पाणी सगळ्यांत आधी लाल रंग गिळतं. दोरा तोच आहे.

मालवणचं पाणी अंदमानइतकं निवळ नसतं. काही दिवशी चार-पाच मीटरपलीकडे धूसर. तरी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे घोळक्यानं जवळ येतील. कुणी फोटोसाठी पाव कुस्करून त्यांना बोलवत असेल तर हातानं नको म्हणा. माशांना बघायला आलो आहोत, जेवायला वाढायला नाही.

आता मास्कमध्ये थोडं पाणी येऊ द्या. मुद्दाम. प्रशिक्षणात हे करायलाच लावतात. पाणी नाकाशी आलं की विहीर पुन्हा जागी होते: तोंड मीट, दम धर. तिला ओरडू द्या. तुम्ही मास्कची वरची कड कपाळाशी दाबा, मान किंचित वर करा आणि नाकानं श्वास सोडत राहा. पाणी खालच्या कडेनं निघून जातं. तोंडातली नळी सुटली तर? ती सापडेपर्यंत बारीक बुडबुडे सोडत राहायचं. वर जाताना? सोडत राहायचं. थोडं खाली बसायचं असेल तर? छाती रिकामी करायची, अंग आपोआप खाली जातं. कान वगळले तर या विद्येत जवळजवळ प्रत्येक अडचणीवर उपाय एकच आहे, आणि तो आपल्या संचयी स्वभावाला सर्वांत कमी पटणारा आहे.

तरंगणं मात्र निवांत बघा. पट्ट्यातलं शिसं आणि जॅकेटमधली हवा यांचा मेळ बसला की शरीर ना वर जात ना खाली. मग श्वास घेतला की क्षणभर काही होत नाही, आणि नंतर तुम्ही वीतभर उचलले जाता. सोडला की तसंच, जरा उशिरानं, खाली. नवशिका त्या मधल्या क्षणात हातपाय मारतो. तुम्ही थांबा. श्वासाचं फळ यायला पाण्यात किंचित वेळ लागतो.

कमरेजवळचा हवेच्या दाबाचा काटा वाचा. पाठीवरचं नळकांडं म्हणजे गावात येणारा टँकर समजा: मोजून आलेला, पुढचा कधी ते ठरलेलं, आणि घाई केली की जास्त सांडणारा. बारा लिटरच्या नळकांड्यात दोनशे बार दाबानं साधारण चोवीसशे लिटर हवा भरलेली असते. ऑक्सिजन नव्हे, साधीच हवा. शांत माणसाला जमिनीवर मिनिटाला पंधरा-वीस लिटर पुरते, दहा मीटरवर त्याच्या दुप्पट लागते, घाबरला तर त्याहून कितीतरी जास्त. शंभरावर काटा आला की परतीचा विचार, पन्नास उरले असताना पाण्याबाहेर. काटा फक्त आपलाच वाचायचा नसतो, जोडीदाराचाही. ज्याची हवा कमी उरली, त्याच्या हिशेबानं सगळे वळतात. ज्याच्याकडे दीडशे आहे तोही. टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभे राहिलेल्यांनी या नियमापाशी हवं तेवढं थांबावं. मी पुढे जातो.

वर निघा. आपल्याच सर्वांत लहान बुडबुड्यांपेक्षा हळू, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगानं नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. इथे करायचं काही नाही. घ्या, सोडा. होडीचा तळ वर काळा दिसतोय. त्याकडे झेप घ्यायची इच्छा होईल. ती इच्छाही एक अडवलेला श्वासच आहे.

खरंच शिकायचं मनात असेल तर एक लक्षात घ्या. होडीवाले करवतात ती ओळख असते, त्यात दुसरा माणूस तुम्हाला धरून असतो. शिकायला तीन-चार दिवस लागतात: आधी वर्ग, मग तलाव, मग समुद्र, आणि शेवटी अठरा मीटरपर्यंतची मुभा. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची संस्था त्यासाठीच आहे. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा दिवाळीनंतरचं बघा.

आणखी एक, खास घाटावरच्यांसाठी. पाण्याखाली दाबानं हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. तो दिसत नाही, जाणवत नाही. बाहेर आल्यावर तो श्वासावाटे निघत राहतो, तासन् तास, आपल्या गतीनं. तेवढ्यात उंचावर गेलात आणि हवेचा दाब एकदम घटला, तर त्याचे अंगातच बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी एका बुडीनंतर निदान बारा तास आणि बऱ्याच बुड्या झाल्या असतील तर अठरा तास थांबायला सांगतात, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण मालवणहून बीडला परतताना वाटेत सह्याद्री आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे. दुपारी बुडी मारून संध्याकाळी गाडी घाटाला लावायची नाही. ड्रायव्हर घाई करेल, उद्या कामावर जायचंय म्हणेल. त्याला सांगा, मुक्काम आहे. मालवणात जेवा, झोपा, आणि घाट दुसऱ्या दिवशी, दुपार होऊ देऊन, चढा.